दृश्याधारित वाचन-साहाय्य

नुसते ऐकून किंवा घोकून अक्षरे लक्षात न राहणाऱ्या, पण चित्र, रंग आणि आकार चटकन टिपणाऱ्या मुलांसाठी अक्षर व ध्वनी यांची सांगड डोळ्यांना दिसेल अशी करून देण्याच्या पद्धती.

कुणी बघून शिकते, कुणी ऐकून; मुलाच्या अशा ‘शैली’प्रमाणे शिकवले की ते अधिक शिकते, हा समज शिक्षकांत व पालकांत दृढ आहे. हॅरल्ड पॅशलर व सहकाऱ्यांच्या २००८ मधील संशोधन-आढाव्यात मात्र त्याला पुरेसा पुरावा आढळला नाही. वाचन-अडचणींचे मूळ बहुतेक वेळा शब्दातले ध्वनी सुटे करता न येण्यात असते. त्यामुळे ‘याला चित्रांतूनच कळते’ असे ठरवून ध्वनींचा सराव गाळला, तर मुलाची नड तशीच राहते. काम सुरू करण्यापूर्वी दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे.

अक्षरओळखीत चित्र अक्षराच्या शेजारी असण्यापेक्षा अक्षराच्या आकारातच असावे. लिनिया एरी व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलेल्या प्रयोगात आकारात गुंफलेली चित्रे उपयोगी पडली. सुटी चित्रे उपयोगी पडली नाहीत. ‘ठ’चा दांडा व गोल यांतून मूठ असलेला ठसा (शिक्का) काढता येतो: आकार ठशाचा, शब्द ‘ठसा’, पहिला ध्वनी ‘ठ’. नेहमीच्या तक्त्यात मूल खालचे चित्र पाहून शब्द म्हणते आणि अक्षराकडे बघतही नाही. ‘ण’ व ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरू होत नसल्याने ‘बाण’, ‘बाळ’ ही चित्रे द्यावी लागतात. तिथे ध्वनी शेवटी आहे हे स्पष्ट सांगावे, नाहीतर मूल ‘ण’ला ‘ब’ म्हणते. ओळख पक्की होऊ लागली की चित्र आधी फिके करावे, मग फक्त बाह्यरेषा ठेवावी, शेवटी काढून टाकावे. ही शेवटची पायरी राहून गेली तर मूल कार्ड ओळखते, पुस्तक वाचत नाही.

एका वेळी चार-पाच अक्षरे पुरेत. घ–ध, भ–म, ब–व, प–ष या जोड्या एकत्र शिकवू नयेत. एक अक्षर न अडखळता येऊ लागल्यावरच दुसरे घ्यावे. मग दोन्ही शेजारी ठेवून फरकाची जागा रंगवावी: ‘ध’ व ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटते, ‘घ’ व ‘म’ यांची सलग जाते, ‘ब’ व ‘ष’ यांच्या पोटात तिरपी रेघ असते. अंकांत ३ व ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात. लिहायला शिकताना अशी उलटापालट बहुतेक मुलांत होते. तेवढ्यावरून डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन-अडचण) ठरवू नये.

मराठीत खरी अडचण स्वरचिन्हांची व रफाराची. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो, ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर असतो आणि उच्चार मात्र ‘य’च्या आधी. व्यंजन काळे व चिन्ह लाल ठेवावे, आणि उच्चाराच्या क्रमाने बाण काढून द्यावा. शब्दासाठी एल्कोनिन चौकटी, म्हणजे शब्दाचे सुटे भाग दाखवणारे रिकामे चौकोन, वापरतात. मुळात त्या एका ध्वनीला एक अशा असतात. मराठीत सुरुवातीला एका अक्षराला एक चौकट सोयीची. ‘कपाट’साठी तीन चौकटी आखून मूल ‘क’, ‘पा’, ‘ट’ म्हणत एकेक सोंगटी सरकवते आणि त्यानंतरच तिथे अक्षरे लिहिते. जोडाक्षरांना अर्ध्या अक्षराची लहान चौकट जोडावी.

अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करून घेणे हा सर्वांत फसवा मार्ग आहे. सुरुवातीला वेग दिसतो. पुढे ‘सागर’ला ‘साखर’, ‘कपडा’ला ‘कपाट’ असे अंदाज सुरू होतात. पडताळ्यासाठी ‘टमूक’, ‘लिढा’ असे निरर्थक शब्द द्यावेत. ते वाचता आले नाहीत, तर मूल आकार आठवत आहे, उलगडत नाही. गोष्ट वाचतानाही चित्र आधी झाकावे, वाक्य वाचून झाल्यावर दाखवावे.

मजकुराच्या मांडणीचाही फरक पडतो. इटालियन व फ्रेंच डिस्लेक्सिक मुलांवरील २०१२ च्या अभ्यासात अक्षरांमधले अंतर वाढवल्याने वाचन सुधारले. देवनागरीत तसे केले तर शिरोरेषा तुटू शकते. म्हणून शब्दांमधले व ओळींमधले अंतर वाढवणे बरे. ओळ चुकत असेल तर एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेली पुठ्ठ्याची पट्टी चालते. रंगीत काचांचे चष्मे व मजकुरावर ठेवायचे पारदर्शक रंगीत कागद यांवर मात्र पैसे घालू नयेत. अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात डिस्लेक्सियासाठी त्यांची शिफारस केलेली नाही.