नॉर्डलिंगेनची तटबंदी: आपल्या जर्मनी टूरवाल्यांसाठी थोडी माहिती

नमस्कार मंडळी,

बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेनला आपण तटावरून गावाला फेरी मारणार आहोत, आणि पूर्ण मारणार, दोन फोटो काढून खाली उतरायचं नाही. जर्मनीत जुन्या भिंती बऱ्याच गावांत आहेत पण पूर्ण शाबूत, कुठेही न तुटता सगळीकडून चालता येईल अशी फक्त इथेच उरलीय. अंतर साधारण 2.7 किमी. भरभर चाललं तर तासाभरात होतं, आपण दोन तास ठेवलेत.

स्टेशनवरून डायनिंगर दरवाजा जवळ पडतो. मग लोप्सिंगर, बाल्डिंगर, बर्गर, रायम्लिंगर असं करत परत तिथेच. गडकोट फिरणाऱ्यांना फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, माहीतच असेल, इथल्या फांजीवर कौलारू छप्पर आहे त्यामुळे पाऊस आला तरी फेरी चालू राहते, बाहेरच्या बाजूला जंग्या (शत्रूवर मारा करायला भिंतीत ठेवलेली भोकं) आणि आतल्या बाजूला अगदी हाताशी लोकांच्या घरांची कौलं, परसबागा, वाळत घातलेले कपडे. भिंतीला टेकून बांधलेल्या छोट्या घरांत लोक अजून राहतात, म्हणून प्लीज खिडक्यांत कॅमेरे नकोत आणि आवाज जरा हळू.

1327 मध्ये सम्राट लुडविगने गाव वाढवून ही नवी तटबंदी बांधायला सांगितली, कारण जुन्या भिंतीत गाव मावेना. ती आतली भिंत गेली पण तिच्या जागेवरचा गोल रस्ता नकाशात अजून दिसतो, नक्की बघा.

आणि हे सगळं गाव वसलंय उल्कापाताच्या विवरात! सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचं, जवळपास 25 किमी रुंद, म्हणजे आपलं लोणार 1.8 किमीचं त्यापुढे विचार करा. पूर्वी ज्वालामुखी समजायचे, 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांनी खडकाच्या पुराव्यावरून उल्काच असल्याचं दाखवलं. अपोलो 14 या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर 1970 मध्ये इथे खडक ओळखायला शिकायला आले होते. गावातलं सेंट जॉर्ज चर्च त्याच उल्कापातात तयार झालेल्या दगडाचं आहे.

त्या चर्चचा डॅनियल टॉवर 90 मीटर उंच, 350 पायऱ्या, लिफ्ट नाही. वरून गोल तट एका नजरेत येतो, आमच्या मते झेपत असेल तर चुकवू नका. तिकीट वेगळं, टूरमध्ये धरलेलं नाही. तटावर मात्र तिकीट नाही.

तटावर जायला जिने चढावे लागतात, व्हीलचेअर नेता येत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, खालून भिंतीच्या कडेकडेने जाणारा रस्ता आहे, आमचा एक माणूस तुमच्यासोबत तिकडून येईल.