उंदराचं घड्याळ मेंदूत की पोटात?

उंदीर रात्रीचाच प्राणी हे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय, पण पोटाला कमी पडायला लागलं की तोच उंदीर दिवसाढवळ्या कामाला लागतो, आणि हे नीट दाखवायला 2011 साल उजाडलं. खरं तर धागा फार आधी हाताला लागला होता. 1922 साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधक कर्ट रिक्टर रॅटची, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांची, हालचाल नोंदवत होते, त्यांना दिसलं की दिवसातून एकदाच ठरलेल्या वेळी खायला दिलं तर रॅट त्या वेळेच्या आधीच पिंजऱ्यात धावपळ सुरू करतात.

पुढे सगळं लक्ष मेंदूकडे गेलं. 1972 ला अमेरिकेतल्या दोन लॅबनी वेगवेगळं काम करून दाखवलं की डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वरचा एवढासा भाग, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, तो निकामी केला की रॅटचं दिवसरात्रीचं वेळापत्रकच विस्कटतं. झालं, मास्टर क्लॉक, म्हणजे शरीराचं मुख्य घड्याळ, सापडलं! पण त्यातल्याच एका टीममधल्या फ्रीडरिख स्टीफन यांनी 1979 ला दाखवलं की हा भाग नसलेले रॅटसुद्धा जेवणाच्या वेळेआधी चुळबुळ करायला लागतात. नंतर 2000 मध्ये जिनिव्हात युली शिबलर यांच्या लॅबमध्ये उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं तर लिव्हरचं घड्याळ, म्हणजे तिथल्या पेशींची स्वतःची दिवसरात्रीची लय, पार उलटं झालं आणि मेंदूतलं जागचं हललं नाही.

मग अन्नाची बाजू इतकी वर्षं मागे का राहिली? मला वाटतं लॅबच्या सोयीमुळे. उबदार खोली, हवं तेवढं खाणं, आणि वीस-पंचवीस ग्रॅमच्या जिवाला बाहेर असं कधी मिळतच नाही, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा म्हणून उष्णता सतत निसटत असते. जर्मनीत गेरहार्ड हेल्डमायर यांनी सायबेरियन हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, तो हिवाळ्यात दिवसा काही तास अंगाचं तापमान 20 अंशांच्याही खाली सोडून देतो आणि संध्याकाळपर्यंत परत गरम होतो, म्हणजे काटकसरीचंही टाइमटेबल आहे.

2011 ला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या टीमने उंदरांना चाकावर पळून अन्न कमवायला लावलं. खाण्याच्या एका गोळीसाठी जास्त पळावं लागायला लागलं तसतसे ते दिवसा जागे राहायला लागले, 2014 ला थंडीनेही तेच झालं. कारण अगदी व्यवहाराचं आहे, रात्र सगळ्यात गार, ती घरट्यात अंग चोरून झोपून काढली की उष्णता वाचते.