तुंग ची-ह्वा : जहाजांच्या कर्जातून हाँगकाँगच्या खुर्चीपर्यंत

‘सीवाइज जायंट’ हे ४५८ मीटर लांबीचं, आजवरचं सगळ्यांत लांब जहाज २०१० मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं. तोवर त्याचे मालकही बदलले होते आणि नावही. मूळ नावातलं ‘सीवाइज’ म्हणजे सी. वाय. तुंग या मालकाच्या आद्याक्षरांवरची कोटी. ब्रिटननं १९९७ मध्ये हाँगकाँग चीनला परत दिलं, त्यानंतरचे तिथले पहिले मुख्याधिकारी, म्हणजे सरकारप्रमुख, तुंग ची-ह्वा हे त्यांचेच थोरले चिरंजीव.

ची-ह्वा यांचा जन्म १९३७ चा, शांघायचा. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली त्या सुमारास हे जहाजवालं कुटुंब हाँगकाँगला येऊन स्थिरावलं. मुलगा लिव्हरपूलला सागरी अभियांत्रिकी शिकला, काही वर्षं अमेरिकेत राहिला आणि १९६९ मध्ये परतला.

१९८२ मध्ये वडील वारले आणि धंदा त्यांच्या हाती आला, तोही नेमका मंदीच्या तोंडावर. जगात जहाजं उदंड, माल थोडा. भाडी कोसळली, पण कर्जाचे हप्ते काही थांबेनात. देणं अडीच अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर गेलं. १९८६ मध्ये उद्योगपती हेन्री फोक यांच्या पुढाकारानं १२ कोटी डॉलर उभे राहिले आणि कंपनी तरली. फोक बीजिंगच्या मर्जीतले, त्यामुळे या मदतीला चीनचा आशीर्वाद होता हे उघड गुपित. थोरल्या तुंगांची ऊठबस मात्र बीजिंगच्या वैऱ्याशी, तैवानच्या राष्ट्रवादी सरकारशी! पुढच्या राजकारणाची किल्ली मला तरी या १२ कोटींतच दिसते.

१९९२ मध्ये हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर पॅटन यांनी ची-ह्वांना आपल्या सल्लागार मंडळावर, म्हणजे कार्यकारी परिषदेवर, घेतलं. जानेवारी १९९६ मध्ये बीजिंगच्या एका समारंभात चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष च्यांग झमिन गर्दीतून वाट काढत त्यांच्याशी हात मिळवायला गेले, आणि हाँगकाँगच्या खुर्चीसाठी बीजिंगची पसंती कुणाला, ते जाणकार समजले. डिसेंबरात मुख्याधिकारी निवडणाऱ्या ४०० जणांच्या समितीत तुंगना ३२० मतं पडली.

१ जुलै १९९७ ला सूत्रं हाती आली आणि दुसऱ्याच दिवशी थायलंडचं चलन गडगडलं. आशियाई आर्थिक संकट, घरांच्या कोसळलेल्या किमती, मग २००३ मधली सार्स या श्वसनरोगाची साथ. त्यातच राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याचा आग्रह. त्याविरुद्ध १ जुलै २००३ ला सुमारे ५ लाख लोक रस्त्यावर आले. मार्च २००५ मध्ये प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी पद सोडलं.

घरची जहाज कंपनी २०१८ मध्ये चीनच्या सरकारी ‘कॉस्को’नं विकत घेतली. किंमत ६.३ अब्ज डॉलर.