हट्ट सोडा, भावना नव्हे: एलिस यांच्या विचाराची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) मुळात मनोविश्लेषक. रुग्णाने कोचावर पडून बालपण आठवत राहायचं, त्यातून दुखण्याचं मूळ सापडेल, अशी ती रीत. पण मूळ सापडल्यावरही माणसं पूर्वीसारखीच चिडतात, कुढतात, घाबरतात, हे पाहून १९५३ च्या सुमारास त्यांनी ती वाट सोडली. आधार घेतला एपिक्टेटसचा. गुलामीत वाढलेला हा प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ सांगायचा की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत. त्या घटनांविषयीची त्याची मतं करतात.

एलिस यांनी १९५५ मध्ये या विचाराला उपचाराचं रूप दिलं. त्याचा गाभा म्हणजे ए-बी-सी. समजा, मित्राने मेसेज वाचला, निळी खूण दिसली, पण उत्तर नाही. हा ‘ए’, म्हणजे घटना. रात्री आपण त्याच्यावर भडकतो, “तुला माझी किंमतच नाही!” हा ‘सी’, म्हणजे परिणाम. मधला ‘बी’ कुणाला ऐकू येत नाही: “त्याने लगेच उत्तर द्यायलाच हवं होतं, दिलं नाही, म्हणजे तो नालायक.” उत्तराची इच्छा रास्तच आहे. तिची सक्ती झाली की बिघडतं, हे एलिस यांचं म्हणणं मला आजही अचूक वाटतं. “उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं” असं म्हणणाराही खट्टू होतोच, पण तो “कामात होतास का रे?” असं विचारू शकतो.

लोकांनी मात्र उलटाच अर्थ काढला. ‘रॅशनल थेरपी’ हे पहिलं नाव ऐकून अनेकांना वाटलं, ही भावना मारायला सांगणारी कोरडी पद्धत. म्हणून १९६१ मध्ये नावात ‘इमोटिव्ह’ आलं आणि १९९३ मध्ये ‘बिहेवियर’. तेव्हापासून ती ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी’, म्हणजे आरईबीटी. खरं तर दुःख होणं आणि खचून जाणं, काळजी वाटणं आणि चिंतेने पोखरलं जाणं यांत एलिस यांनी कटाक्षाने फरक केला. पहिल्या भावना माणसाला हालचाल करू देतात, दुसऱ्या जखडून ठेवतात.

साठच्या दशकात फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ एरन बेक नैराश्यावर काम करताना जवळपास याच निष्कर्षांपाशी पोहोचले. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या आजच्या सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) मुळं या दोघांच्या कामात आहेत. एलिस यांचा स्वभाव मात्र वेगळा. आपल्या संस्थेत शुक्रवारी संध्याकाळी ते प्रेक्षकांपैकीच कुणाला पुढे बोलावून त्याच्या रोजच्या अडचणीवर सर्वांसमोर बोलत. हा क्रम त्यांनी कित्येक दशकं चालवला.

महाराष्ट्रात एलिस यांचा हा विचार रुजवला मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्यासाठीच्या संस्थेच्या कामातून आणि आपल्या व्याख्यानांतून, लेखनातून तो दवाखान्याची पायरी न चढलेल्या मराठी माणसांपर्यंतही नेला.