जागतिक पॅरा नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धा, अल ऐन (२०२२)

दिव्यांग नेमबाजांसाठी पॅरालिम्पिकच्या खालोखाल मानाची समजली जाणारी ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या अखत्यारीतील वर्ल्ड शूटिंग पॅरा स्पोर्ट ही संस्था घेते. २०१८ साली दक्षिण कोरियातील चोंगजू आणि २०१९ साली सिडनी येथे भरल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे यजमानपद संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या शहराकडे आले. पुढच्याच वर्षी ती पेरूची राजधानी लिमा येथे झाली. अल ऐनमध्ये पदकांबरोबर पॅरिस पॅरालिम्पिकच्या जागाही मिळणार होत्या. पॅरालिम्पिकमध्ये नेमबाजी १९७६ च्या टोरांटो येथील खेळांपासून आहे.

या खेळातील वर्गवारी समजून घेतल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही. खेळाडूला कोणता आजार वा अपघात झाला होता याला येथे गौण स्थान आहे; शस्त्राचे वजन त्याचे हात स्वतः पेलू शकतात का, हा मुख्य प्रश्न असतो. ज्यांना ते पेलते ते पिस्तूल किंवा रायफल घेऊन एसएच १ या गटात उतरतात, आणि ज्यांच्या हातांना ते पेलत नाही ते एसएच २ गटात रायफल चालवतात. एसएच २ च्या नेमबाजासमोर स्प्रिंग बसवलेला स्टँड असतो. रायफलचा भार त्यावर राहतो, पण स्प्रिंगमुळे नळी डुलत राहते, त्यामुळे ती स्थिर धरण्याचे कसब नेमबाजालाच दाखवावे लागते. गरज असेल तर छर्रा भरून देण्यासाठी शेजारी मदतनीस बसतो. नेम धरणे आणि चाप ओढणे मात्र सर्वस्वी खेळाडूचे. व्हीलचेअरच्या पाठीचा आधार किती उंच असावा हेसुद्धा धडाचा तोल किती सांभाळता येतो ते पाहून ठरते. अनेक प्रकारांत स्त्रिया आणि पुरुष एकाच फळीत, एकाच निकषावर खेळतात; इतक्या मोकळेपणाने हे फार थोड्या खेळांत घडते.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मधला, दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यावर लागणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. गुण दशांशात मोजले जातात आणि एका छर्‍याला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. जयपूरच्या अवनी लेखरा हिने २०२४ साली पॅरिसच्या अंतिम फेरीत २४ छर्‍यांत २४९.७ गुण मिळवून आपले टोकियो पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक राखले. सरासरी काढली तर ती छर्‍यामागे १०.४ येते, म्हणजे चोवीस वेळा श्वास रोखून जवळजवळ त्याच बिंदूवर लावलेला नेम. त्याच फेरीत मोना अग्रवाल हिला कांस्यपदक मिळाले.

यजमान शहराविषयी मराठी वाचकाला फारशी माहिती नसते. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या तोंडून दुबई आणि अबू धाबी ही नावेच अधिक ऐकू येतात. अल ऐन हे अबू धाबी अमिरातीतील, ओमानच्या सीमेला लागून असलेले शहर आहे. सीमेपलीकडे ओमानचे बुराइमी लगेच सुरू होते. ‘ऐन’ या अरबी शब्दाचा अर्थ झरा असा होतो, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. वाळवंटातील हे शहर खजुराच्या बागांवर वाढले आणि त्या बागा ‘फलज’ या पाटांवर. डोंगराकडचे भूजल जमिनीखालच्या नळातून उताराने वस्तीपर्यंत आणायचे आणि पाळीपाळीने बागांना द्यायचे, अशी ही रीत. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्याने पाहिली आहे त्याला ती लगेच उमगेल. येथील बागा, हिली येथील कांस्ययुगीन थडगी आणि हफीत डोंगराचा परिसर यांना २०११ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सांगली जिल्ह्याचा दिव्यांगांच्या खेळांशी संबंध नेमबाजीच्या आधीपासून आहे. भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर वाळवा तालुक्यातील पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा सैनिक १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह जिंकला. २०२४ साली पॅरिसमध्ये आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी याने गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीने रौप्यपदक आणले. शेजारच्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत १० मीटर रायफलमध्ये चौथा आला; पदकापासून एकच पायरी दूर राहिलेल्या त्या निकालाची आठवण या भागात हळहळीने काढली जाते.

पोहणे आणि फेक यांच्या मानाने नेमबाजी दक्षिण महाराष्ट्रातील दिव्यांग मुलांपर्यंत उशिरा पोहोचते. रायफलची किंमत हे त्याचे उघड कारण आहे, पण जागेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. १० मीटरच्या रेंजला शाळेचे बंदिस्त सभागृह पुरते, छर्रा अडवणारी भक्कम भिंत आणि सम प्रकाश असला म्हणजे झाले. खरा अडसर असतो तो दाराशी, जेथे व्हीलचेअर चढण्यासाठी उतरण नसते, आणि स्वच्छतागृहाच्या अरुंद चौकटीत.