खंयचो गॅप? रिंगच्या तोंडाचा की खाचेतला?

कणकवलीच्या आमच्या गॅरेजात इंजिन बांधायला घेतलं की शिकाऊ पोराला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "रिंगचो गॅप बघलंस मा?" तो "बघलंय" म्हणाला की लगेच दुसरा प्रश्न, "खंयचो?" इथे निम्मी पोरं गप्प होतात. पिस्टनच्या रिंगला, म्हणजे पिस्टनभोवतीच्या खाचेत बसून सिलिंडरची भिंत धरणाऱ्या कडीला, गॅप दोन असतात. दोन्ही त्याच फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांच्या जुडग्याने) मोजतात आणि गॅरेजात दोन्हींना नुसतं 'गॅप'च म्हणतात. पण एकाचा संबंध सिलिंडरशी आहे, दुसऱ्याचा पिस्टनशी. एक कानस घेऊन दुरुस्त होतो, दुसरा होत नाही.

पहिला तोंडाचा गॅप, म्हणजे एंड गॅप. रिंग पिस्टनवर न चढवता नुसतीच बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, सरळ बसवली की तिच्या दोन टोकांमध्ये जी फट उरते ती. दुसरा साइड क्लिअरन्स. रिंग पिस्टनच्या खाचेत बसल्यावर तिच्या आणि खाचेच्या भिंतीमध्ये जी उभी मोकळीक राहते ती. मारुती 800 किंवा ओम्नीच्या 796 सीसीच्या इंजिनात पहिला पाव मि.मी.च्या आसपास असतो, दुसरा पाच-सात शतांश मि.मी.च्या आत. पाच-सहा पटींचा फरक आहे. एकाचं माप दुसऱ्याला लावलं तर रिंग बोअरमध्ये आवळून बसेल, नाहीतर खाचेत नाचेल.

तोंडाचा गॅप लागतो तो उष्णतेमुळे. या इंजिनाचा बोअर 68.5 मि.मी. आहे, म्हणजे रिंगची लांबी साधारण 215 मि.मी. झाली. बिडाची रिंग सिलिंडरपेक्षा 100 अंशांनी जास्त तापली तर ती जवळजवळ 0.24 मि.मी. वाढते. जुने मिस्त्री वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचाला चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हिशेब धरतात. 68.5 मि.मी.ला तो 0.27 येतो, म्हणजे आपण केलेल्या गणिताला लागूनच. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून गॅपही जास्त लागतो. हा हिशेब फक्त अंदाजासाठी आहे. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरायचा. फट कमी ठेवली तर घाट चढताना दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात. मग रिंगला वाढायला जागाच राहत नाही, ती बोअरवर दाबली जाते, उभे ओरखडे पडतात, आणि बरेचदा रिंग तुटून पिस्टनची कडही घेऊन जाते. थोडा जास्त गॅप चालून जातो, कमी चालत नाही. शंका आली तर मी मोकळ्या बाजूला राहतो.

मोजताना रिंग हाताने ढकलून चालत नाही, ती तिरकी बसते. पिस्टन उलटा धरायचा आणि त्याच्या डोक्याने रिंग समान खाली सरकवायची. बोअर नुकताच मशीनवर कापून मोठा केलेला असेल तर कुठेही मोजा. जुनाच बोअर होनिंग करून (दगडाने आतून हलका घासून) वापरणार असाल तर खाली मोजा, जिथे झीज कमी असते. वर मोजलं तर फसाल, कारण बोअर व्यासाने दशांश मि.मी. झिजला की तोंडाचा गॅप 0.31 ने मोठा दिसतो. वर 'चांगला' वाटलेला गॅप खाली बंद होऊ शकतो. पातं सरकवताना जोर लावू नका. 0.25 चं पातं अलगद जातं, 0.30 चं तोंडाशी किंचित ओढ घेतं. ती ओढ बोटांना कळली पाहिजे, आकडा त्यानंतर वाचायचा.

गॅप कमी असेल तर एकच टोक घासायचं, बाहेरून आतल्या दिशेला, म्हणजे तोंडावरचं क्रोम किंवा मॉलीचं कोटिंग टवकत नाही. दोन घसारे मारले की परत बोअरमध्ये घालून बघायचं. घाई केली तर कापलेलं परत येत नाही. शेवटी कडेची धार बारीक दगडाने मारायची आणि ती रिंग त्याच सिलिंडरच्या नंबराने बांधून ठेवायची. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्याइतका किंवा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे दोघींच्या मध्ये वायू कोंडून वरची रिंग उचलली जात नाही. सगळ्यात खालच्या, ऑइल पुसणाऱ्या रिंगच्या मधल्या एक्स्पांडरला (स्प्रिंगसारख्या पट्टीला) मात्र कधी कानस लावू नका. त्याची टोकं एकमेकांना टेकलेलीच हवीत, एकावर एक चढलेली नकोत.

आता खाच. साइड क्लिअरन्स हवा तो वायूला वाट मिळावी म्हणून. जळलेल्या वायूचा दाब रिंगच्या वरून खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला बोअरवर दाबतो. सीलिंगचं खरं काम हा दाबच करतो, रिंगचा स्वतःचा ताण त्या मानाने थोडा असतो. मोकळीक फार कमी असेल तर कार्बन साचून रिंग चिकटते. फार जास्त असेल तर रिंग प्रत्येक फेऱ्याला खाचेत आपटते, अ‍ॅल्युमिनियम आणखी खाते आणि वरखाली होताना ऑइल वर चढवत राहते. गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या एका काकांची ओम्नी बांधली. पिस्टन वरून स्वच्छ दिसत होते, म्हणून तेच ठेवले, रिंग नव्या घातल्या, तोंडाचा गॅप तिन्ही सिलिंडरना 0.28 वर नेमका आणला. काका सामान भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला गेले आणि महिन्याभरात धूर घेऊन परत आले. इंजिन उघडलं. तोंडाचा गॅप होता तिथेच होता. मग नवी रिंग वरच्या खाचेत धरून सगळीकडून पातं फिरवलं, तर दोन जागी 0.15 चं पातं आत गेलं. खाच पायरीसारखी झिजली होती. रिंगला मी उगाच दोष देत होतो. नवे पिस्टन माझ्या खिशातून आणले, काकांना परत पैसे मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून खाच आधी मोजतो. मोजण्याआधी ती साफ हवी. तुटलेल्या जुन्या रिंगच्या तुकड्याला धार देऊन कार्बन काढतो, पण अ‍ॅल्युमिनियम खरवडलं जाणार नाही इतक्या हलक्या हाताने. कार्बन राहिला की पातं अडतं आणि झिजलेली खाचही चांगली वाटते. नवी रिंग बाहेरूनच खाचेत घालायची, पूर्ण वळसा फिरवायची आणि पाच-सहा जागी मोजायचं. वरची खाच आणि तीही खालच्या बाजूने जास्त झिजते. या इंजिनात 0.12 च्या पुढे गेलं की मी पिस्टन नाकारतो. डिझेलच्या काही गाड्यांना वरची रिंग पाचरीसारखी उतरती असते. तिथे रिंग दाबून पिस्टनच्या कडेशी समपातळीत आणल्याशिवाय मोजमाप खरं येत नाही.

उलटी चूकही बघितली आहे. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं, त्यानंतर तिकडून इंजिनं आली. तोंडाचा गॅप ठीक, पण खाचेत गंज आणि गाळ, मोकळीक शून्य. रिंग दाबली तर आत जाईना, सोडली तर बाहेर येईना. आमच्या हवेत गंजाला पुराची गरजही नसते. पावसाळ्यात होनिंग करून बोअर रात्रभर कोरडा ठेवला की सकाळी तांबूस पापुद्रा दिसतो. काम थांबवायचं असेल तर बोअरला ऑइल फासून झाका. फिलरची पातीही तेलकट कापडात ठेवा, गंजलेलं 0.05 चं पातं 0.05 चं राहत नाही.

इंजिन उघडण्याआधी हे दोन दोष वेगळे ओळखता येतात का, असं लोक विचारतात. पूर्ण नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी आलं, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून वाढलं, तर दोष बोअर-रिंगच्या बाजूला आहे एवढंच कळतं. कोणता गॅप बिघडलाय ते फिलरच सांगतो. वेगवेगळ्या रिंगांची तोंडं एकमेकांपासून 120 अंशांवर फिरवून बसवणं हे तिसरंच काम आहे, त्यालाही 'गॅप सेट केला' म्हणतात, म्हणून ऐकताना विचारून घ्या.

क्रम असा ठेवा. ब्लॉक लेथवर पाठवायच्या आधी नवी रिंग जुन्या पिस्टनच्या खाचेत घालून बघा. खाच गेली असेल तर पिस्टन बदलायचेच आहेत. मग बोअर 0.25 किंवा 0.50 मि.मी. ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, करून त्या मापाचे पिस्टन आणि रिंग एकदमच आणता येतात. खाच चांगली निघाली तरच तोंडाच्या गॅपला कानस हातात घ्या.