म्यानावरची नक्षी: कोरलेली आणि ठशाची

सुरीच्या चामडी म्यानावर उठावदार वेलबुट्टी दिसली की आपण सरसकट 'कोरीव काम' म्हणून मोकळे होतो. त्यातली बरीचशी नक्षी कोरलेली नसते, ठसा दाबून उठवलेली असते. नवं म्यान हातात घेतलं तर दोन्ही सारखीच सुंदर दिसतात. फरक कळतो तो म्यान भिजवून सुरीच्या मापाला बसवताना, आणि पुढे पुण्याच्या एकदोन पावसाळ्यांनंतर.

आधी एक गैरसमज दूर करू. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातलं लाकूडकाम कोरताना पटाशीने लाकूड काढून टाकलेलं आहे. चामडं कोरताना काहीच काढायचं नसतं. पात्याने वरच्या थराला चीर द्यायची आणि चिरेच्या एका बाजूचं चामडं ठोकून खाली बसवायचं. दुसरी बाजू आहे तिथेच राहते, म्हणून उठून दिसते. ठशात ही चीर नसते. धातूच्या किंवा ॲक्रेलिकच्या साच्याने अख्खा भाग एकदम दाबला जातो. सगळा फरक त्या एका चिरेचा आहे.

दोन्हीला चामडं मात्र एकाच जातीचं लागतं: बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजेच व्हेज टॅन. कोल्हापुरी चपलेचं कातडंही याच पद्धतीने कमावतात. बॅगा आणि जॅकेटांचं मऊ क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं ओलं करून कितीही ठोका, वाळलं की नक्षी फुगून सपाट होते. दुकानात ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा. मधला थर निळसर-करडा दिसला तर बहुधा क्रोम. म्यानासाठी जाडी 3 ते 3.5 मिमी घ्यावी. 2 मिमीच्या चामड्यात चिरेला खोली मिळत नाही.

कोरीव कामाचं यश ओलाव्यावर ठरतं, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. स्पंजने दोन्ही बाजू ओल्या करून चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावं, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. सकाळी बाहेर काढून थांबायचं. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावल्यावर चामडं अजून गार लागतंय, ती वेळ कोरायची. जास्त ओलं असेल तर चीर पुन्हा मिटते आणि ठोकलेला भाग लगदा झाल्यासारखा दिसतो. कोरडं असेल तर पातं अडखळतं आणि ठोक्याचा गडद, भाजल्यासारखा रंग येत नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ही वेळ हातातून फार लवकर निसटते, म्हणून थोडाच भाग उघडा ठेवून बाकीच्यावर प्लॅस्टिक झाकावं. जुलैत उलट: ओलावा टिकतो, पण चामडं दोन-तीन दिवस पिशवीत राहिलं तर बुरशी धरतं.

ओलं चामडं ठोकताना पसरतं आणि मग म्यानाची दोन अंगं एकमेकांशी जुळत नाहीत. यावर उपाय सोपा: मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावून घ्या. नक्षी ट्रेसिंग फिल्मवरून बोथट टोकाने उतरवायची. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई निघत नाही. शिलाई कडेपासून 3-4 मिमी आत येते आणि तिथे पात्याच्या धारेपासून दोरा वाचवणारी आतली पट्टीही असते, तेव्हा कडेचा सेंटिमीटरभर भाग मोकळा सोडावा. घडीची रेषाही मोकळी हवी, कारण घडीवर आलेली चीर दुमडताना उघडते.

आता चीर. फिरत्या पात्याची सुरी (स्विव्हल नाइफ) उभी धरून आपल्याकडे ओढायची. खोली जाडीच्या एक-तृतीयांश ते निम्मी, म्हणजे 3.2 मिमी चामड्यात साधारण 1 ते 1.5 मिमी. रेषेच्या शेवटी दाब हळूहळू कमी केला की ती निमुळती होते. दोन रेषा एकमेकींना छेदू देऊ नयेत. छेदल्या की तिथला कोपरा उचकटतो. पातं दर थोड्या वेळाने चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून घासावं. जड ओढत असेल तर दोष बहुतेक वेळा धारेचा असतो, हाताचा नाही.

मग बेव्हलर (उतरत्या तोंडाचं ठोकायचं हत्यार) चिरेत टेकवून मोगरीने ठोकायचं. प्रत्येक ठोक्याला बेव्हलर आपल्या निम्म्या रुंदीइतकाच पुढे सरकवा, नाहीतर पायऱ्या दिसतात. लोखंडी हातोडी नको, तिने हत्यारांची डोकी पसरतात. खाली जड, सपाट दगड हवा. किचन ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा त्याला उत्तम. लाकडी टेबलावर अर्धा ठोका टेबलच खातं. पार्श्वभूमीचा पोत बेव्हलरनंतर द्यायचा आणि पानांच्या शिरांसारख्या शोभेच्या चिरा अगदी शेवटी.

ठशाचं काम याहून सोपं आणि वेगवान आहे. साचा उलटा, आरशातल्यासारखा हवा. अक्षरं असतील तर हे हमखास विसरलं जातं. ओल तीच. दाब मात्र सपाट आणि सरळ हवा: आर्बर प्रेस (दांडा ओढून दाब देणारं हाताचं यंत्र), किंवा लहान ठशासाठी दोन जाड पोलादी पट्ट्यांमध्ये धरून बाकावरचा व्हाइस. दाबून अर्धा मिनिट तसंच धरावं. साचा तापवायचा मोह होतो, तिथे जपा. व्हेज टॅन चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांपुढे आकसून कडक होतं आणि ते परत सरळ होत नाही. गरम ठसा कोरड्या चामड्यावर, ओल्या चामड्यावर थंडच.

म्यानाची खरी परीक्षा पुढे असते. शिवून झाल्यावर मुठीकडचा भाग भिजवतात, प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळलेली सुरी आत घालतात आणि चामडं तिच्या आकारावर दाबून बसवतात. पाण्याने तंतू फुगले की त्या भागातला ठसा विरतो, कारण त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. कोरलेली नक्षीही मऊ पडते, पण चीर जागेवर असते. चामडं थोडं सुकलं की बेव्हलर हलक्या हाताने पुन्हा फिरवला तर उठाव परत येतो. म्हणून मुठीजवळ नक्षी हवीच असेल तर ती कोरावी. ठसा पात्याच्या सपाट भागावर ठेवावा. म्यान सावलीतच वाळू द्यावं.

नक्षीची निवडही यावरच ठरवावी असं आमचं स्पष्ट मत आहे. कोयरी, वेल, मोराची मान यांच्या रेषा जाड-बारीक होत जातात. ती लय चिरेतच येते. वारलीच्या सारख्या जाडीच्या आकृत्या, आद्याक्षरं, किंवा वीस म्यानांवर तंतोतंत एकच खूण हवी असेल तर ठसाच योग्य.

विकत घेताना मोबाइलची टॉर्च आडवी धरा. कोरलेल्या रेषेची एक बाजू तीक्ष्ण आणि उभी, दुसरी उतरती दिसते. खोली जागोजागी बदलते. ठशाच्या दोन्ही कडा गोलसर आणि तळ एकसारखा असतो. दोन म्यानं शेजारी ठेवल्यावर पानन् पान जुळलं तर ते हाताने कोरलेलं नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. ठशाच्या म्यानात वाईट काही नाही, पण किंमत कोरीव कामाची देऊ नये.

रंग देताना गडद अँटिक पेस्ट कोरलेल्या चिरांत अडकून बसते. ठशाच्या उथळ खोलगटातून ती पुसताना निघून जाते. तिथे कापड घट्ट गुंडाळून फक्त उंचवट्यांवरूनच फिरवावं. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी किंवा चिमटा ठेवू नये. लोखंड आणि टॅनिन यांचा संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात. आणि नक्षी कुठलीही असो, पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवून देऊ नये: चामडं दमट हवेतली ओल धरतं आणि पात्यावर गंज चढतो.